सातव्या ओळीतला माणूस

"ही गोळी गिळायची असते, एवढं मलाही कळतं," सदाशिव पेठेतले एक निवृत्त संस्कृत शिक्षक मला म्हणाले होते. ते एमआरआयच्या खोलीबाहेर खुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्या उजव्या कानशिलावर जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल चिकटपट्टीनं लावत होते. मी त्यांना कारण सांगितलं. मेंदूची चित्रं एका संगणकातून दुसऱ्यात जाताना कधीकधी आरशातल्यासारखी उलटतात. कॅप्सूलमधलं तेल चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं, आणि ठिपका ज्या बाजूला ती उजवी, हे नक्की होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डावं-उजवं तुम्हाला कळत नाही, म्हणून गोळी मी लावायची."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ही युक्ती आम्ही अद्दल घडल्यावरच शिकलो होतो. परदेशातल्या एका विद्यापीठाचं काम करताना काही रुग्णांचे मेंदू उलटे आले होते आणि ते आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले होते.

मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञही नाही. मी संख्याशास्त्राची बाई. नाव सुनंदा वाघमारे. वडील खडकीला कारखान्यात फिटर होते, राहायला आम्ही दांडेकर पुलाजवळ. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात, कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी पारखून घ्यायचं, हे वाक्य मुरलेलं होतं. वडील ते रॉकेलच्या मापापासून माझ्या शाळेच्या निकालापर्यंत सगळीकडे लावत. अशा घरातली मुलगी संख्याशास्त्राकडे गेली यात नवल नाही. एम.एस्सी. करून मी तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवू लागले. वर्षाच्या शेवटी नेमणूक संपायची, जूनमध्ये पुन्हा अर्ज.

नव्वदनंतर देशाची दारं उघडली असं म्हणतात. माझ्यासाठी जे दार उघडलं ते कर्वे रस्त्यावरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. परदेशी औषध कंपन्यांची आणि विद्यापीठांची आकडेवारी तपासून, मांडून परत पाठवणारी ती एक छोटी कंपनी होती. नातेवाइकांच्या लेखी मी 'आयटी'त लागले होते आणि आयटी म्हणजे अमेरिका. माझ्याबरोबर लागलेली निम्मी मुलं दोन-तीन वर्षांत खरोखरच तिकडे गेली. मी दोन किलोमीटरवरच्या एका इस्पितळाच्या तळघरात गेले. तिथे एमआरआयचं यंत्र होतं, आणि त्या इस्पितळातल्या मेंदूविकारतज्ज्ञांना, डॉ. परांजप्यांना, आकड्यांचं काम करणारं कुणीतरी हवं होतं.

पुढची गोष्ट कळायला हा उद्योग काय आहे ते थोडं सांगायला हवं. एमआरआयच्या नळीत माणसाला झोपवतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यंत्रानं मेंदू काम करत असतानाचीही चित्रं घेता येतात. माणसाला समोर छत्री, किल्ली, गाय अशी चित्रं दाखवायची आणि नाव घ्यायला सांगायचं. मेंदूचा जो भाग राबतो तिथे रक्त जास्त येतं आणि ते यंत्राला किंचित, अगदी किंचित, जाणवतं. आम्ही मेंदूचे साबुदाण्याएवढे हजारो तुकडे कल्पायचो आणि दर तीन सेकंदांनी प्रत्येक साबुदाण्याचा एक आकडा हाती यायचा.

हे झालं एका माणसाचं. पण एका माणसावरून शास्त्र होत नाही. पंचवीस माणसं घ्यावी लागतात, आणि पंचवीस जणांचे मेंदू पंचवीस आकारांचे. ते आधी गणितानं ओढूनताणून एकाच मापात बसवायचे. मग एक तक्ता मांडायचा. प्रत्येक माणसाची एक ओळ, आणि उपचार घेतला की नाही, वय किती, आजार होऊन किती महिने झाले, असे रकाने. पडद्यावर हा तक्ता काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दिसतो, सतरंजीसारखा. ही सतरंजी नीट अंथरणं हे माझं काम. रकाना चुकला तर संगणक कुरकुरत नाही. चुकीचं उत्तरही तो तितक्याच झोकात, रंगीत करून देतो.

नव्या शतकाची ती पहिलीच वर्षं. परांजपे सरांच्या विभागात लीना साठे नावाची एक स्पीच थेरपिस्ट होती. तिशीची, बारीक चणीची, आणि अफाट चिकाटीची. पक्षाघाताच्या झटक्यात ज्यांची वाचा गेली अशा माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. तिची रीत साधी होती. शब्द नुसता म्हणायचा नाही, चालीवर म्हणायचा आणि डाव्या हातानं मांडीवर ताल धरायचा. 'पाणी' म्हणता न येणारा माणूस 'पा-णी-द्या' गाऊन म्हणतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. इस्पितळाच्या मागच्या बाजूला तिला एक खोली दिलेली होती. ती खोली विश्वस्तांना दुसऱ्या कामासाठी हवी होती. उपचारांनी खरंच फरक पडतो हे दाखवा, मग खोली कायमची तुमची, असं त्यांनी सरांना सांगितलं होतं.

म्हणून तो अभ्यास सुरू झाला. चोवीस रुग्ण. बारा जणांना लीनाचे उपचार, बारा जणांना नेहमीची औषधं आणि व्यायाम. प्रत्येकाच्या मेंदूची चित्रं आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा घ्यायची. मला नावं माहीत नव्हती, तशीच पद्धत असते. माझ्या तक्त्यात एक ते चोवीस ओळी होत्या.

सगळी चित्रं जमल्यावर मी गणित मांडलं. संगणक तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर करड्या मेंदूत डाव्या कपाळामागे, वाचेच्या जागेच्या काठावर, सुपारीएवढा केशरी ठिपका उमटला होता. उपचार घेतलेल्यांचा मेंदू त्या जागी जास्त राबू लागला होता, असा त्याचा अर्थ. परांजपे सर एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे. ते चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं आहे." पुण्यात याहून मोठी पदवी नाही. त्यांनी ते चित्र भिंतीएवढं छापून घेतलं. लीनानं विभागात पेढे वाटले.

विश्वस्तांच्या बैठकीला आठ दिवस होते. मी अहवालातला पद्धतीचा भाग लिहायला घेतला होता. दुपारची वेळ, टेबलावर चहा होता. त्या रंगीत चित्राच्या कोपऱ्यात संगणक बारीक अक्षरांत काही आकडे छापतो. त्यातला एक म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. हे उत्तर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किती पुराव्यांवर उभं आहे, ते तो सांगतो. चोवीस माणसांच्या दोन गटांची तुलना असेल तर तो आकडा बावीस यायला हवा. मी चष्मा पुसून बघितला. तिथे चार हजारांच्या वरचा आकडा होता.

त्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला, आणि तुम्हालाही कळेल. समजा, पुण्यातल्या पुरुषांची उंची काढायची आहे. मी चोवीस माणसं घेतली आणि प्रत्येकाला दोनशे वेळा मोजलं. मोजमापं जवळजवळ पाच हजार झाली, पण माणसं चोवीसच. त्यांतला एक ताडमाड असला, तर त्याला दोनशेदा मोजून बाकीचे पुणेकर उंच होत नाहीत. मी नेमकं तेच केलं होतं. प्रत्येक माणसाची शेकडो चित्रं मी जणू शेकडो वेगळी माणसं असल्यासारखी धरली होती. या चोवीस जणांत काय घडलं, याचं ते उत्तर होतं. पुढच्या रुग्णाला काय गुण येईल, याचं नव्हतं.

मला दुसरी पद्धत ठाऊक नव्हती, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ती वाचलेली होती. पण तेव्हा पुष्कळ जण जुन्याच पद्धतीनं करायचे, आणि माणसं थोडी असली की नव्या पद्धतीत उत्तर फिकं येतं, हेही मला माहीत होतं. सगळ्यांना ठिपका हवा होता. मलाही हवा होता.

मी नव्यानं मांडलं. प्रत्येक माणसाचं एकच चित्र, नंतरचं वजा आधीचं. चोवीस माणसं, चोवीस चित्रं, बावीस स्वातंत्र्यमात्रा. मेंदू करडाच्या करडा राहिला. मी सगळे रकाने पुन्हा तपासले, कॅप्सूलचे पांढरे ठिपकेसुद्धा एकेक पाहिले. मग सुपारीच्या जागेचा प्रत्येकाचा आकडा काढून आलेखाच्या कागदावर हातानं पेन्सिलीनं टिंबं काढली. तेवीस टिंबं खाली एकमेकांत मिसळून गेली होती. एक टिंब कागदाच्या वरच्या कडेला जाऊन बसलं होतं. सातव्या ओळीतला माणूस.

तो कागद घेऊन मी सरांच्या सदाशिव पेठेतल्या क्लिनिकमध्ये गेले. त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे.

"वाघमारे, मागच्या महिन्यात ठिपका होता. या महिन्यात नाही. गेला कुठे?"

"ठिपका आहे, सर. पण तो एकाच माणसाचा आहे."

त्यांनी विचारलं, जगात इतर लोक जुन्या पद्धतीनं छापतात की नाही? मी म्हटलं, छापतात. मग आपल्यालाच ही उपरती का? मी म्हटलं, चूक माझी आहे, पण आता ती मला दिसते आहे. त्यावर ते काहीतरी बोचरं बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. बाहेर पुढचा रुग्ण खोकत होता. ते म्हणाले, "लीनाला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

लीनाला सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. मी तिला आलेख दाखवला, उंचीचं उदाहरण दिलं. तिला कळलं सगळं, हुशार होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, माझी माणसं बोलायला लागली आहेत. मी कानांनी ऐकलंय. तुमच्या संगणकाला ऐकू येत नाही, यात त्यांचा काय दोष?" आणि खोलीत निघून गेली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण झटक्यानंतर बरेच जण आपोआपही थोडे सुधारतात, आणि उपचाराचं किती, आपोआपचं किती, हे नुसत्या कानांना वेगळं करता येत नाही. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

बैठकीत परांजपे सरांनी विश्वस्तांना खरं ते सांगितलं, की आज आमच्याकडे पुरावा नाही. खोली गेली. लीनाचे उपचार आठ महिने बंद राहिले. या आठ महिन्यांचा सल मला अजून आहे. पहिल्या अभ्यासातल्या एका शिक्षिकेची मुलगी मला फोन करायची. तिच्या आईचे तीन-चार शब्द परत आले होते आणि पुढचे तास कधी सुरू होणार, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिला माझा नंबर कुणी दिला कोण जाणे. मी दर वेळी बघू म्हणायचे. तास सुरू झाले तोवर ती आईला घेऊन नाशिकला राहायला गेली होती. आता वाटतं, सतरंजी पहिल्यांदाच नीट अंथरली असती तर निदान खोटी आशा तरी लागली नसती, आणि पुढचं काम आठ महिने आधी सुरू झालं असतं.

सातव्या ओळीनं मात्र मला सोडलं नाही. आमच्या शास्त्रात अशा एखाद्या आकड्याला काढून टाकायचा मोह होतो. पण तो आकडा म्हणजे माणूस असतो. इतरांपेक्षा इतकं वेगळं काय घडलं होतं त्याच्या बाबतीत? मी सरांची परवानगी घेतली, लीनामार्फत त्या माणसाची घेतली, आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोघी शनिवार पेठेत गेलो. लीना माझ्याशी तेव्हाही जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

ते होते जगताप. सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. दोन खोल्या, दारात तुळस, आत लोखंडी कॉट. झटका आल्यावर पहिले दोन महिने ते एक अक्षर बोलले नव्हते. आता त्यांनी मला बघून कॉटवरची पांघरुणाची घडी बाजूला केली आणि म्हणाले, "या. बसा. पुढं... सरका." त्यांच्या पत्नीनं, यमुनाबाईंनी, हसून सांगितलं की घरात कुणीही आलं तरी पुढं सरका म्हणतातच, सवय आहे.

मी विचारलं, लीनाताईंनी दिलेला सराव तुम्ही घरी किती वेळ करायचात? लीनानं सगळ्यांना पंधरा मिनिटं सांगितला होता. यमुनाबाईंनी सांगितलेलं ऐकून लीना खुर्चीत पुढे झाली. सकाळी चहाबरोबर तास-दीड तास. दुपारी भाजी निवडताना. संध्याकाळी दिवेलागणीनंतर पुन्हा. आणि ताईंनी दिलेले शब्द संपले तेव्हा यमुनाबाईंनी स्वतःचा धडा काढला. जगतापांनी बरीच वर्षं ज्या मार्गावर काम केलं त्या मार्गाचे थांबे.

"म्हणून दाखवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

जगतापांनी डाव्या हातानं मांडीवर ताल धरला आणि चालीवर सुरू केलं. स्वारगेट, सारसबाग, दांडेकर पूल, पानमळा, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, आनंदनगर, वडगाव. धायरी फाट्याला अडखळले. यमुनाबाईंनी फक्त 'धा' म्हटलं आणि गाडी पुन्हा सुटली ती थेट खडकवासल्यापर्यंत. मग त्यांनी भुवया उंचावून मला खुणेनं विचारलं, तुम्ही कुठल्या? मी दांडेकर पूल म्हटलं. ते म्हणाले, "मागं... राहिला की."

इतका वेळ कसा काढलात, असं मी यमुनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दुसरं करायचं काय? हे बोलले नाहीत तर मी तरी कुणाशी बोलू?"

परत येताना लीना ओंकारेश्वराच्या देवळापाशी थांबली. ती म्हणाली, "मी पंधरा मिनिटं का सांगत होते, ताई? कारण जास्त सांगितलं तर लोक कंटाळतील असं मला वाटायचं. मला कुणी सांगितलं होतं?" त्या दिवसापासून आमचं बोलणं पूर्ववत झालं.

पुढे मी एक गोष्ट केली, ती अर्धी बरोबर होती. लीनाकडून नंबर घेऊन उपचार घेतलेल्या उरलेल्या अकरा जणांच्या घरी फोन करून सराव किती केला ते विचारलं, तो एक नवा रकाना म्हणून तक्त्यात घातला, आणि केशरी ठिपका परत आला. मी दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी शंका आली. ज्यांचा माणूस सुधारला ते म्हणणारच की आम्ही खूप सराव केला. नाही सुधारला ते म्हणणार, कुठं जमलं. शिवाय रकाना मी उत्तर बघून निवडला होता. पेपर फुटल्यावर मिळालेल्या मार्कांसारखं ते. हा ठिपका मी सरांना दाखवला, पण सांगितलं की हा पुरावा नाही. ही फक्त विचारण्याजोगी गोष्ट आहे. ती नव्या माणसांना घेऊन, आधी ठरवून विचारायला हवी.

"आणि खोली?" सर म्हणाले. "रस्त्यावर बसवायचं लोकांना?"

त्यांचं क्लिनिक दुपारी एक ते चार बंद असे. त्या वेळेत परांजपे सरांना मृत्यूसुद्धा भेटू शकत नाही, असं त्यांचे कंपाउंडर म्हणत. सरांनी टेबलावरची किल्ली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बाहेरची खोली वापरा. आतल्या खोलीत मी झोपतो. गाणी हळू म्हणायची."

दुसरा अभ्यास असा सुरू झाला. या वेळी उपचार सगळ्यांनाच मिळणार होते. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना रोजचा मोठा सराव शिकवायचा, निम्म्यांना तो तीन महिन्यांनी. रोज सराव झाला की घरच्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी रेघ मारायची, नंतर आठवून नाही. पहिला रुग्ण यायच्या आधी मी संपूर्ण मांडणी कागदावर लिहिली. कुठले रकाने, कुठली तुलना, मेंदूतली कुठली जागा बघायची. सही करून तो कागद सरांच्या कपाटात ठेवला, म्हणजे पुढे मोह झाला तरी मला हात लावता येऊ नये. सर म्हणाले, "स्वतःवर इतका अविश्वास?" मी म्हटलं, अनुभवानं आला आहे.

घरच्यांना सराव कोण शिकवणार, हा प्रश्न यमुनाबाईंनी सोडवला. त्या आठवड्यातून तीन दुपारी यायच्या, जगतापांना घेऊन. लीना तंत्र सांगायची, यमुनाबाई घरचं सांगायच्या. माणूस चिडतो तेव्हा काय करायचं, शब्द आपण पटकन पुरवायचा नाही, पहिलं अक्षर देऊन थांबायचं, आणि रडू आलं तर येऊ द्यायचं. प्रत्येकाला त्याच्याच आयुष्यातला धडा शोधून द्यायच्या. एका गृहिणीला पुरणपोळीची कृती, एका वकिलांना कोर्टातली हाक. जगताप बाकावर बसून सगळ्यांना पुढे सरकवायचे. पहिल्या आठवड्यानंतर सरांनी आतून दार उघडून सांगितलं की झोप तशीही होत नाही, तेव्हा जरा मोठ्यानं म्हटलंत तरी चालेल.

सव्वा वर्ष लागलं. दोन रुग्ण मधेच सोडून गेले, एकाला यंत्राच्या नळीत भीती वाटली. उरलेल्यांची चित्रं जमली तेव्हा मी कपाटातला कागद काढून आणला आणि त्यात लिहिलं होतं तसंच, अक्षरशः तसंच मांडलं. या वेळी रंगीत चित्राकडे न बघता मी आधी कोपऱ्यातला बारीक आकडा बघितला. तो माणसांच्या संख्येला धरून होता. मग चित्र बघितलं.

ठिपका होता. तुरीच्या दाण्याएवढा. मी प्रत्येक माणसाला एकेकदा वगळून पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. कुणालाही काढलं तरी तो राहत होता, थोडा लहान-मोठा होत होता इतकंच. आलेखाच्या कागदावर यावेळी कुणी एकटं वर जाऊन बसलेलं नव्हतं. सराव केलेली टिंबं सगळीच थोडीथोडी वर सरकली होती. मी सरांना फोन केला. एवढासा आहे म्हटलं. ते म्हणाले, "एवढासा चालेल. खरा आहे ना?"

विश्वस्तांनी खोली परत दिली, आधीची नव्हे, जिन्याखालची, पण कायमची. लीनानं तिथे पुढे बरीच वर्षं काम केलं. घरच्यांना शिकवायचे तास हा तिच्या उपचारांचाच भाग झाला आणि ते तास यमुनाबाई चालवत. आमचा लेख एका परदेशी नियतकालिकात आला. तिथल्या परीक्षकानं ठिपका लहान असल्याची तक्रार केली होती. मी उत्तरात लिहिलं, की आहे तेवढा आहे.

मी आता निवृत्त आहे. संगणक तीन दिवसांत करत होता ते आता चहा होईतो होतं, आणि बरोबर पद्धत आता सगळ्या प्रणालींमध्ये आयती असते. मुलं बटण दाबतात. कोपऱ्यातला आकडा बघता का, असं मी त्यांना विचारते, तेव्हा ती एकमेकांकडे बघतात.

एक दुपार सांगायची राहिली. लेख छापून आल्यावर सरांनी अभ्यासातल्या सगळ्या कुटुंबांना क्लिनिकमध्ये बोलावलं होतं. मी ते चित्र मोठं छापून नेलं होतं आणि भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी सोप्या शब्दांत सांगितलं की हा तुम्हा सगळ्यांचा मिळून एक मेंदू आहे. रविवार पेठेतले शेख नावाचे शिंपी आणि त्यांची पत्नी पुढच्याच बाकावर होते. त्या बाईंनी विचारलं, "यात आमचे हे कुठं दिसतात?" मी म्हटलं, कुणीच वेगळं दिसत नाही. प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा आहे, सगळे मिळून हा एवढा दाणा उजळला आहे. त्यांना ते फारसं पटलं नसावं.

मग शेख स्वतः उठले. तेव्हा ते घरच्यांशी बोलत, पण चारचौघांत त्यांनी तोंड उघडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. ते काठी टेकत चित्रापाशी गेले. त्या केशरी दाण्यावर त्यांनी बोट ठेवलं, जरा थांबले, डाव्या हातानं मांडीवर दोनदा ताल दिला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "यात... मी... पण आहे."

मी म्हटलं, "आहात."